आधी तोंड, मग हात

त्या दिवशी सकाळी आईने चहाचा कप उजव्या हातात धरला आणि लगेच डाव्यात घेतला. मनगट सुजलं होतं. सुताराची सासू पहाटे गेली होती आणि तिला अंघोळ घालायला आईला बोलावणं आलं होतं. चर्चच्या आसपासच्या चार गल्ल्यांत कुणी गेलं, की पहिलं बोलावणं धर्मगुरूंना जायचं आणि दुसरं आईला. तीस वर्षं हेच चाललं होतं.

"आज येतेस का गं सोबत?" आईने विचारलं. "एका हाताने कूस नाही वळवता यायची मला."

लेक ग्रंथालयात कामाला होती. बॅगेत डबा ठेवत ती म्हणाली, तिला ते जमायचं नाही, आणि रजाही नाही.

"पुस्तकबाईंना रजा नाही," आई कपाला म्हणाली. "माझ्या वेळी काय करणार आहेस? मीच उठून दोन तांबे घेऊ का अंगावर?"

लेक हसली. आईचे हे विनोद घरात जुन्या खुर्चीसारखे पडून असत. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र ही दयेची सगळी चांगली कामं लोकांनी आधीच पळवली, मी रांगेत मागे होते, माझ्या वाट्याला मेलेले आले, असं ती म्हणायची. पण कामाला लागली की थट्टा बंद. प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती मेलेल्या माणसाला सांगायची. आता तोंड पुसते हं. आता हात उचलते. लेकीने एकदा विचारलं होतं, त्यांना काय ऐकू येतंय? आई म्हणाली, "येत नाही असं परत येऊन सांगितलंय का कुणी? बाप्तिस्मा झालेलं अंग आहे, देव ते पुन्हा उठवणार आहे. न सांगता हात कसा लावायचा?"

निघताना आई म्हणाली, "केसात दोरा आहे बघ तुझ्या." हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि तिने नुसतं बोट दाखवलं. लेकीने दोरा आपणच काढला. शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या काकूंना सोबत घेऊन आई सुताराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून, सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेहून येऊन ती पायातल्या चपला काढायला खाली वाकली, ती उठलीच नाही.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ज्या बाईला बोलवायचं तीच आत पलंगावर आहे. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी आईने धुऊन पांढऱ्या कपड्यांत निजवलं होतं. कसं ते एकीनेही पाहून ठेवलं नव्हतं. काकू तेवढ्या सोबत जायच्या, पण त्यांचे हात असे कापत होते, की पाण्याचा तांब्या धरवेना. शवपेटीवाला दाराशी अदबीने म्हणाला, की आमच्या गोदामात सोय आहे, माणसं आहेत, दहा मिनिटांचं काम.

"कसं करतात?" लेकीने विचारलं.

तो जरा घुटमळला. "पाण्याचा पाइप असतो, ताई."

लेकीने बाह्या वर सारल्या. काकूंना तेवढं दाराशी बसायला सांगितलं, बाकीच्यांना बाहेर काढून दार लोटलं. कोमट पाणी, साबण, तीन पंचे. आई काय काय नेते हे तिला पाठ होतं. तीस वर्षं आईची या कामाची पिशवी दारामागच्या खुंटीला लटकत होती आणि लेक त्या पिशवीला अंग लागू न देता ये-जा करत आली होती.

तिने पंचा भिजवून आईच्या कपाळावर ठेवला. पाणी कानात ओघळलं. तिने घाईने ते टिपलं, पुन्हा सांडलं.

"सांग की तिला," दाराशी बसलेल्या काकू म्हणाल्या. "न सांगता करतेयस तू."

लेक थांबली. मग हलकेच म्हणाली, "तोंड पुसते, आई." आपलाच आवाज तिला परका वाटला. पण त्यानंतर हाताला वळण लागलं. आधी तोंड, मग हात, मग पाय. कूस वळवताना काकूंनी कापऱ्या हातांनी खांद्याला आधार दिला. उजवं मनगट अजून सुजलेलंच होतं. काल या मनगटाने सुताराच्या सासूला वळवलं होतं. लेकीने बोटं एकेक करून धुतली, नखांच्या कडाही.

केस शेवटी. केस विंचरले की माणूस पुन्हा घरातलं दिसायला लागतं आणि रडू येतं, रडत काम होत नाही, म्हणून ते शेवटी ठेवायचे, असं आई सांगायची.

तिने फणी हातात घेतली. लेक नऊ वर्षांची असताना आई एका घरचं असंच काम आटपून, हात धुऊन आली होती आणि तिची वेणी घालायला बसली होती. तिने मान झटकून फणी हिसकावून घेतली होती. मी मोठी झालेय, माझी मी घालेन. आई बरं म्हणाली होती. त्या दिवसापासून आईचा हात तिच्या केसांना लागला नव्हता, आणि आईने का ते कधी विचारलं नव्हतं.

"केस विंचरते, आई," ती म्हणाली. एक बट सुटी केली, दुसरी केली. काकू दाराशी आहेत हे ती विसरली.

"मी मोठी झाले होते म्हणून नव्हतं ते. मला तुझ्या हातांची किळस आली होती. ती केव्हाच गेली गं. वेणी घाल असं म्हणायचं होतं तुला, कितीदा तरी. म्हटलं नाही."