लुगड्याला पान्हा फुटत नाही

मी एक जुनी मराठवाडी म्हैस आहे, मित्रांनो. माझी शिंगं पार पाठीपर्यंत पोचतात. औशाकडच्या एका गावात माझा जन्म झाला. आमच्या वाणाच्या म्हशी फार दूध देत नाहीत, असं लोक म्हणतात. म्हणोत. माझं दूध दाट होतं आणि त्यात पाणी मी घालत नव्हते.

माझी मालकीण गुणाबाई. ती कासेला कोमट पाणी लावायची, "सोड गं माझी बाय," म्हणायची, की मला पान्हा फुटायचा. माझे मागचे पाय तिनं कधी बांधले नाहीत.

मग भूकंप झाला. गोठ्याची भिंत माझ्या रेडकावर पडली. गुणाबाईचा नवरा घराच्या ढिगाऱ्याखाली गेला. आम्ही उरलो ते पत्र्याच्या शेडात आलो. त्यानंतर मला दुःख होतं की आनंद, हे नीट कळत नाही. पुढच्या वेताचं रेडकूही जगलं नाही. तरी गुणाबाई बसली की दूध यायचं.

काही वर्षांनी तिची नात शिवलीला दहावीला चांगली पास झाली. सारं गाव पोरं क्लासला लातूरला धाडत होतं. नातीला रांधून घालायला गुणाबाईही तिथं खोली करून राहिली. माझी धार तिच्या लेकाकडे, बसवराजकडे आली.

त्याच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात काठी. तो ओरडायचा, सड ओढायचा. भीतीनं अंग आकसलं की आम्हा जनावरांचं दूध खाली उतरतच नाही. माणसं म्हणतात, म्हशीनं पान्हा चोरला. स्वतःच्याच दुधाची चोरी कशी होते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं!

शेजाऱ्यानं त्याला सुचवलं, "आईचं लुगडं नेसून बस. वासानं फसती म्हैस." आमच्याकडे असं करतात. बसवराज हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आला. वास गुणाबाईचा, शिव्या बसवराजच्या. मी लाथ झाडली. बादली लवंडली, लुगडं शेणात गेलं.

"हिला येत्या हाळीच्या गुरांच्या बाजारात न्हेऊन इकतो," तो म्हणाला. दूध न देणाऱ्या म्हशीला तिथं कोण घेतं, हे मला ठाऊक होतं.

बाजाराच्या आधी गुणाबाई ज्वारी न्यायला गावी आली. पत्र्यावर वाळत घातलेलं लुगडं तिला दिसलं.

"हे कोण नेसलं रं?"

शेजारीण हसली, "तुमची नवी सून, काकी!"

"ती म्हैस मला दूध देईना, आई. लुगडं तर तुझंच नेसलो."

"अरं मुडद्या, लुगड्याला पान्हा फुटतो व्हय? मी हिला कधी शिवी दिली, काठी दावली? उद्या मी लातूरला जानार. तुलाच काढायचं हाय. टाक ती काठी. पानी कोमट कर. आन् त्वांड मिट."

तो बसला. गुणाबाईनं मला हात लावला नाही, ती लांबच उभी राहिली. बराच वेळ काही आलं नाही. तो ओरडला नाही. मग बादलीत धार वाजली.

बाजाराच्या दिवशी मी दावणीलाच होते. मला फार आनंद झाला, असं खोटं सांगणार नाही. बसवराज मला आजही आवडत नाही. पण तो आला की माझं अंग आकसत नाही, एवढं खरं.

मित्रांनो, तुमच्या घरी दुभतं जनावर असेल, तर त्याचे लाड नाही केले तरी चालेल. मारू नका, ओरडू नका. आमचं दूध तेवढ्यावर उतरतं.