अकरा सेकंदांचा पक्षी

सिनेमा संपल्यावर बाहेर पडताना माणूस खरं बोलतो. घरी पोचेपर्यंत त्या मताला तिखटमीठ लागतं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं ऐकून ते पार फिरतं. म्हणून खरं मत हवं असेल तर थिएटरच्या दाराशी खांबाला टेकून, कुणाची तरी वाट बघतोय असं तोंड करून उभं राहावं. आवाजवाला त्या रविवारी सकाळी तसाच उभा होता, आणि कानावर जे पडत होतं त्याने त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

"पहिला भाग बरा होता. आता त्या पोरीच्या भावाला मिसरूड फुटलंय, आणि म्हणे वय वर्षं दहा," एक काका म्हणाले.

"पुस्तकात बोका होता. बोक्याला कुठे टाकून आले हे लोक?" दोन वेण्यांची एक मुलगी आईला जाब विचारत होती, जणू बोका आईनेच पळवला होता.

"मला बाई छान झोप लागली होती," एक आजी म्हणाल्या. "ऐन झोपेत मेल्यांनी दिवे लावले."

आणि मग प्रत्येकाच्या तोंडी एकच पालुपद. मधेच आवाज गेला. ऐन पक्षी यायच्या वेळेला गेला. एवढं मोठं थिएटर आणि साधा आवाज धड नाही.

आता हा आवाजवाला म्हणजे गाणारा नव्हे, आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाराही नव्हे. पडद्यावर कुणी चाललं की त्या पावलांचा आवाज हा करायचा. बंद खोलीत, समोरच्या चित्रावर डोळे रोखून, हातात चपला घालून. खोलीत जुने बूट, गंजकी कुलपं, फाटक्या छत्र्या, वाळूची परात आणि कोबीचे गड्डे. नवखा माणूस आत आला तर त्याला वाटावं, भंगारवाल्याने भाजीचं दुकान काढलंय. कोबी पिरगाळला की पडद्यावर हाड मोडतं आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याची चूक काढणारी मात्र एक होती, त्याची लेक. तिला घरात सगळे मास्तरीण म्हणत, कारण तिच्यासमोर कुणी चूक केली आणि सुटला, असं झालेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी या सिनेमाचा पहिला भाग आला, तेव्हा मास्तरीण आठ वर्षांची होती. ज्या कादंबरीवरून तो काढला ती तिने सात वेळा वाचलेली. एका बेटावर राहणारी पोर आणि आभाळाएवढा राखपक्षी, अशी ती गोष्ट. पक्ष्याचे पंख आवाजवाल्याने दोन छत्र्या आणि एक चामड्याचं जाकीट आपटून असे काही फडफडवले की थिएटरातल्या खुर्च्या हादरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बक्षीस मिळालं. मास्तरणीने मात्र टाळी वाजवली नाही. घरी आल्यावर तिने पुस्तक उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्यात लिहिलं होतं: राखपक्ष्याच्या पंखांचा आवाज होत नाही. तो यायला लागला की बाकीचे आवाज एकेक करून निघून जातात. आधी रातकिडे, मग पाणी, मग आपला स्वतःचा श्वास. काहीच ऐकू येईनासं झालं की समजावं, तो आला.

"बाबा, तू पुस्तक वाचलंच नाहीस?"

नव्हतं वाचलं. त्याच्या धंद्यात कुणीच वाचत नाही. "आमच्याकडे चित्र येतं गं, पुस्तक येत नाही," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं की आपण पायावर धोंडा पाडून घेतला.

तिने वर्गभर सांगून ठेवलेलं, पक्षी माझे बाबा करताहेत. सगळ्या वर्गाने पुस्तक वाचलेलं. "तुझ्या बाबांनी छत्री उघडली," म्हणून पोरांनी तिला महिनाभर चिडवलं. त्याआधी दर रविवारी ती त्याच्याबरोबर कामावर यायची, आईच्या चपला घालून वाळूत चालून दाखवायची. ते बंद झालं. भांडली असती तरी चाललं असतं, पण ती भांडलीच नाही. तिने विषय सोडून दिला, आणि बापाला तेच फार लागलं.

दुसऱ्या भागाचं काम आलं तेव्हा त्याने आधी पुस्तक वाचलं. तीनदा वाचलं, पेन्सिल घेऊन. मग दिग्दर्शकाशी भांडला. जन्मात कुणाशी न भांडलेला माणूस, पण भांडला. "अहो, आयुष्यभर आवाज काढलात, आता न काढल्याचं कौतुक करू का?" दिग्दर्शक म्हणाला. पंधरा दिवस घासाघीस चालली. शेवटी पदरात पडले अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांसाठी त्याने आधी बेटावरचे सतरा आवाज केले आणि मग ते एकामागून एक असे काढून घेतले की कोणता कधी गेला ते कुणाला कळू नये.

आणि त्या अकरा सेकंदांचं या थिएटरने काय केलं? तर दिवे लावले.

त्यालाही कारण होतं. या थिएटरात पूर्वी एकदा आवाज बंद पडला होता आणि अंधारात लोकांनी खुर्च्या मोडल्या होत्या. तेव्हापासून नियमच होता, आवाज गेला रे गेला की ताबडतोब दिवे लावायचे, म्हणजे लोक शांत राहतात. ऑपरेटर तीस वर्षांचा जुना, कामाला चोख. आवाज गेला, त्याने दिवे लावले. दिवे लागले म्हणून लोकांना कळलं की काहीतरी बिघडलंय. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आवाज आवाज म्हणून ओरडले. अकरा सेकंदांनी आवाज आपोआप आला आणि ऑपरेटरला वाटलं, आपण वेळेवर सावरलं.

गर्दी ओसरल्यावर मास्तरीण आईचा हात धरून बाहेर आली. ती यायलाच तयार नव्हती, आईने गोडीगुलाबीने आणलं होतं.

"कसा वाटला?" आवाजवाल्याने विचारलं.

"मी मत देणार नाही," मास्तरीण म्हणाली. "लोक ओरडत होते. जे ऐकलंच नाही त्यावर मत कसं देणार?"

"ते पुस्तकासारखं केलं होतं गं."

"तू वाचलंस?"

"तीनदा."

तिने आईचा हात सोडला. "मग आपण दुपारचा खेळ बघू," ती म्हणाली.

पण दुपारच्या खेळाचा बंदोबस्त मॅनेजरने आधीच करून ठेवला होता. तक्रारी ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. "काळजी नको," तिघं त्याच्या खोलीत गेल्यावर तो आवाजवाल्याला सांगू लागला. "तेवढ्या जागी आम्ही मध्यंतराची धून वाजवणार. आवाज गेला काय, आला काय, कुणाला पत्ता लागायचा नाही."

मध्यंतराची धून म्हणजे तीच ती, जी ऐकत लोक लाह्या घ्यायला रांग लावतात. राखपक्षी आता लाह्यांच्या धुनीवर येणार होता.

"साहेब," तो म्हणाला, "तो आवाज... म्हणजे जो नाहीये तो... तो मी केलाय."

"नसलेला आवाज तुम्ही केलाय?"

"हो."

"आमचे चिरंजीवही गृहपाठ असाच करतात," मॅनेजर म्हणाला.

आवाजवाल्याने हवेत दोन्ही हात हलवून काहीतरी दाखवलं. हाताने काय हवं ते बोलून दाखवेल, पण तोंडाने बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येई. तेवढ्यात मास्तरणीने पिशवीतून पुस्तक काढलं. तिला पान शोधावं लागलं नाही. मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहून तिने तो उतारा वाचला. सावकाश वाचला, श्वासापाशी थांबली, आणि शेवटचं वाक्य इतकं हळू म्हणाली की दारातून डोकावणारा ऑपरेटर दोन पावलं आत आला.

"मला कुणी सांगितलं असतं तर कशाला लावले असते दिवे," ऑपरेटर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. "मग असं करू," तो म्हणाला. "दाराशी पाटी लावू. मध्ये काही वेळ आवाज जाईल, घाबरू नये."

"नको," मास्तरीण म्हणाली. "आधी सांगून ठेवलं तर तो येणार कसा?"

मॅनेजरने टक्कल खाजवलं. मग म्हणाला, "एक खेळ. फक्त एक. एकाने जरी शिट्टी मारली तरी उद्यापासून माझी धून."

"मी हात मांडीखाली घेऊन बसतो," ऑपरेटर म्हणाला. "सवयीचा भरवसा नाही."

दुपारी थिएटर भरलं. आवाजवाला, त्याची बायको आणि मास्तरीण मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मॅनेजर दाराशी. मास्तरणीची आई मधून मधून नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, परीक्षेला बसवलेल्या पोराच्या फिरवावा तसा.

तो प्रसंग आला. पडद्यावरची पोर धक्क्यावर बसली होती. रातकिडे होते, ते विरले. दोराचं कुरकुरणं गेलं. बादलीतलं ठिबकणं गेलं. लाटा लांब लांब जात राहिल्या आणि मग नव्हत्याच. उरला पोरीचा श्वास, आत, बाहेर, आत. आणि तोही संपला.

एक सेकंद. दोन. आवाजवाला मनात मोजत होता. तीन. मधल्या रांगेत कुणीतरी मान वळवून मागे बघितलं. चार. त्या वळलेल्या माणसाच्या शेजारच्या दांडगटाने दोन बोटं ओठांकडे नेली. ही बोटं म्हणजे शिट्टी, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आवाजवाल्याने डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं. तीन वर्षं पाण्यात.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक अगदी लहान आवाज आला. तीनेक वर्षांचं पोर असेल, आईच्या मांडीवरचं. पुस्तक वाचायचं ज्याचं वयही नव्हतं. ते ओरडलं नाही. दारावरची बेल वाजल्यावर सांगावं इतक्या साधेपणाने म्हणालं,

"आई, तो आलाय."

त्या शांततेत ते सबंध थिएटरला ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. दांडगट माणसाची बोटं ओठांवरून खाली आली आणि खुर्चीच्या हातावर घट्ट बसली. चारशे माणसं श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिली, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून राखेचा एक भलामोठा पंख, काहीही आवाज न करता, आत आला.

आवाजवाल्याने डोळे उघडले तेव्हा मास्तरणीने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. नखं रुतत होती. थिएटरात आता लाटा परत आल्या होत्या, लोक सुटल्यासारखे श्वास सोडत होते, मॅनेजर दाराशी रुमालाने मान पुसत होता. तिने बाही ओढून बापाला खाली वाकवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. ती हसत होती, आणि तिचा आवाज कापत होता.

"बाबा," ती म्हणाली, "मला सगळं पाठ आहे, तरी मला भीती वाटली."