जालमसिंगचे चार शेजारी

सातपुड्यातल्या त्या पाड्यात घरं बारा आणि टेकड्या अकरा. एका टेकडीवर दोन घरं आहेत ती सख्ख्या भावांची, आणि त्यांचं आपसात बोलणं नाही. बाकी ज्याचं शेत जिथं, तिथंच त्याचं घर. शेजाऱ्याला हाक मारली की ती दरी ओलांडून जाते, आणि उत्तर येईपर्यंत एक विडी ओढून होते.

जालमसिंगला हे फार पसंत होतं. त्याचं घर सगळ्यांत वर. पलीकडच्या टेकडीवर वीरसिंगचा कोंबडा आरवला तरी हा इकडून त्याला शिव्या घालायचा.

पण दिवाळीला त्याची बायको सायकीबाई लेकीकडे म्हसावदला गेली, ती होळीलाही आली नाही. होळीलासुद्धा! तिनं निरोप धाडला: गुडघे चढू देत नाहीत, दाराशी गाडी येईल तेव्हा येईन. जालमसिंगनं स्वतः थापलेली भाकरी कुत्रंही हुंगून पुढे जाई. तिच्यावाचून गडी अर्धा झाला होता.

अशात रस्त्याचे साहेब आले, ब्राह्मणपुरीचे, अहिराणी बोलणारे हेमकांत, घामानं निथळत. रस्ता मंजूर होता, पण नाल्यापर्यंतच.

"वर एकेक टेकडीवर एकेकच घर शे, बाबा. एक घर म्हंजे वस्ती नही. पाच घरं एकाजागी दखाडा, मी रस्ता वर लई येस." महिन्यानं पुन्हा येतो म्हणाले आणि बसत-उठत उतरले.

जालमसिंगनं दोन दिवस डोकं खाजवलं. मग टेकड्या उतरून दारोदार फिरला आणि लाह बोलावली. लाह म्हणजे एकाच्या कामाला सगळ्या पाड्यानं यायचं. मजुरी नाही, पण पोटभर जेवण आणि वर मोहाची.

"काम काय?" वीरसिंगनं विचारलं.

"तुझं घर उचलायचं. माझ्या दाराशी मांडायचं."

वीरसिंग हसता हसता खाटेवरून पडायचाच राहिला. "आणि कोंबडा?"

"कोंबडाही आण," जालमसिंग मान खाली घालून म्हणाला. बायकोसाठी माणूस काय काय गिळतो!

नाल्याच्या वर राहणारे चौघे तयार झाले. रस्ता त्यांनाही हवा होता, आणि बोकडाचं जेवण कोण सोडतो? सागाचे खांब, कुडाच्या भिंती, कौलं, दारं, सगळं खांद्यावरून वर चढलं. आठवड्यात चार घरं उभी राहिली. बोकड मात्र एक पुरला नाही, दोन कापावे लागले.

महिन्यानं हेमकांतसाहेब आले आणि एका दारासमोर थबकले. "हाई नऊ नंबरनं दार मी खाले देखेल शे!"

"दार तेच, साहेब," गोवाल म्हणाला. ते दार त्याचंच. "घर वर आलं."

"चालीन उनं का?"

"नाही. उचलून आणलं. खोटं काही नाही, चूल बघा, आतमध्ये बायको बघा."

गोवालच्या बायकोनं चुलीपुढून हात हलवला. साहेबांनी डोक्याला हात लावला, मग पोट धरून हसले, आणि कागदावर पाच घरं लिहिली.

ही बातमी बाजारच्या दिवशी म्हसावदला पोचली. तिसऱ्या दिवशी, रस्त्याला खडीचं एक घमेलंही पडलेलं नसताना, सायकीबाई डोक्यावर गाठोडं घेऊन सरसर टेकडी चढून आली. घरात न जाता आधी वीरसिंगच्या बायकोजवळ टेकली. दोघींचं जे बोलणं सुरू झालं ते संपेचना.

"गुडघे?" जालमसिंगनं विचारलं.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? तीस वर्षं बकऱ्यांशी बोलतेय मी. शेजार पाहिजे म्हटलं असतं, तर तू ऐकणार होतास? गाडी आली तर निदान चार माणसं येतील, म्हणून गाडी मागितली."

तीस वर्षांत हे एकदाही आपल्या ध्यानात आलं नाही, याची जालमसिंगला लाज वाटली. तेवढ्यात वीरसिंगचा कोंबडा भरदुपारी, अगदी त्याच्या कानाशी आरवला. शिवी ओठांवर आली होती. ती गिळून तो दोघींसाठी पाणी आणायला आत गेला.