पाच रेघा

दीक्षाचं नामकरण झालं ते साल दोन हजार तेवीस. दुर्गजवळच्या खुर्सीपार वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत पाहुणे मावत नव्हते. वंदना झाली, खीर वाटली, आणि रोशनने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून नशा न करण्याचं पाचवं शील एकट्याने पुन्हा म्हटलं. नशेच्या गोळ्या त्याने त्या दिवशी सोडल्या. त्याच्या बापाने, गुलाब मेश्रामने, मान हलवली, पण मनातून काही मानलं नाही. असं सोडणं याआधी दोनदा झालं होतं.

दोन महिन्यांनी रोशनच्या रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराने सांगितलं की सोमवारी गेटवर लघवीची तपासणी होणार. पाच प्रकारच्या नशा, पाच मिनिटांत निकाल. सापडला त्याचा गेट पास जमा.

"होऊ द्या," रोशन म्हणाला. "मी साफ आहो."

"अन् नसशील तं?"

"बाबा, दोन महिने झाले. तुमाले दिसून नाही राहिलं?"

"मागच्या खेपेले बी तू असंच म्हणे."

रोशनची बायको करिष्मा लेकीला पाजत बसली होती. तिने मान वर केली नाही. ते पाहून रोशन खाली बसला.

"माझं मूत घेऊन जा," गुलाब म्हणाला. "जन्मात बिडी नाही ओढली म्या. माझ्यात काय सापडन? खोकला?"

खोकला मात्र खरा होता. तीस वर्षं ठेक्याच्या कामावर धूळ खाऊन तो छातीत बसला होता. रोज रात्री दोन झाकणं औषध घेतल्याशिवाय गुलाबला झोप येत नसे.

सोमवारी सकाळी त्याने दीक्षाच्या ग्राइप वॉटरची रिकामी बाटली धुतली, भरली, आणि गार होऊ नये म्हणून फडक्याने रोशनच्या काखेत बांधली. रोशन पुतळ्यासारखा हात वर करून उभा राहिला.

गेटवर रांग लागली होती. "मालकाले आता आपलं मूत बी मोजून पाह्यजे," सोबत काम करणारा कवडू म्हणाला, आणि सगळे हसले. कपाच्या आतच पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. तपासणाऱ्याने एकदाच समजावलं, रेघ आली तो साफ, रेघ नाही आली तो गेला.

रोशनच्या कपात चार रेघा आल्या. पाचवी पट्टी कोरीच राहिली.

"अफीम कब से ले रहा है?" सुपरवायझरने विचारलं.

"अफू? म्या तं पाह्यली बी नाही," म्हणता म्हणता रोशन थांबला. कपातली लघवी कोणाची ते त्याला सांगता येईना.

घरी येऊन त्याने फळीवरची खोकल्याची बाटली करिष्माच्या हातात दिली. गुलाबने बावन्नाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात अक्षरं गिरवली होती, पण बाटलीवरचं इंग्रजी त्याने कधी आपलं मानलं नव्हतं. करिष्माने वाचलं.

"कोडीन. अफूचंच असते हे, बाबा."

गुलाब तसाच चप्पल घालून गेटवर गेला. हात जोडून सगळं सांगितलं. सुपरवायझरने ऐकून घेतलं.

"मतलब सैंपल भी दूसरे का दिया? काका, फिर तो दो गुनाह हुए. अब घर जाओ."

दुसऱ्या दिवशी रोशनने दुर्गच्या मेडिकलमधून तसाच कप आणला. मोरीतून बाहेर आला आणि कप बापासमोर ठेवला. पाचही रेघा आल्या होत्या.

"मोजा. याले इंग्रजी लागत नाही."

गुलाबने मोजल्या. परत मोजल्या.

"कावून नाही ठेवला भरवसा, बाबा? येवढा एक डाव?"

गुलाबला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याने कप उचलून फळीवर ठेवला.

पुढे रोशन जिथे काम मागायला जाई तिथे गोष्ट आधीच पोचलेली असे. नाक्यावर कवडूसुद्धा गमतीने हाक मारी, "का बे अफीमवाले!" रोशन हसायचा. पोळ्याच्या सुमारास गोळ्या परत सुरू झाल्या. त्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट वाजलं की करिष्मा सासऱ्याकडे बघे, की आता तरी बोलतील. गुलाब फळीवरच्या कपाकडे बघत राही. खोकल्याचं औषध त्याने कधीच बंद केलं होतं. कप मात्र कोणाला फेकू देत नव्हता.

रोशन गुलाब मेश्राम, वय सत्तावीस, गोळ्या आणि दारू एकत्र घेतल्याने शुक्रवारी, एकोणीस जानेवारी दोन हजार चोवीस रोजी, सकाळी खुर्सीपारच्या घरी वारला.