मागच्या तीन सुट्ट्यांची सरासरी

मी दार ढकललं आणि आत चाललेलं बोलणं तिथल्या तिथे थांबलं. बायको टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं. थोरलीने कसलासा कागद उशीखाली सरकवला आणि धाकटा माझ्याकडे बघून हसला, नको इतका गोड.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही," तिघंही एकदम म्हणाले.

विजेचे मीटर वाचण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. दिवसाला दोनशे दारं. 'काही नाही' म्हणणारी माणसं मला नवी नाहीत. मीटरपाशी पोचायच्या आत जो माणूस पाणी देऊ का, पंखा लावू का करतो, त्याच्या मीटरचं सील मी दोनदा बघतो. शेजारी माझ्यामागे मला 'तपासनीस' म्हणतात. म्हणेनात का, मी त्यांचंही रीडिंग घेतो.

शाळेला सुट्टी लागायला चार दिवस उरले होते. आठवडाभरात घरातून जुन्या दोन चादरी गेल्या. टॉर्च जागेवर नव्हता. कपडे वाळत घालायची दोरी निम्मी झाली होती, आणि चिमट्यांची पिशवी धाकट्याच्या दप्तरात सापडली. विचारलं तर म्हणाला, शाळेत मागितलेत. कपड्यांचे चिमटे कुठल्या शाळेत मागतात? मी पिशवी परत दप्तरात ठेवली. पुरावा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा.

मग बायको फोन घेऊन गच्चीवर जायला लागली. एकदा मी जिन्यात थांबून ऐकलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. पलीकडे तिची बहीण होती. "नाही गं, ह्यांना नाही सांगितलं," ती म्हणत होती. "सांगून काय होणार आहे?"

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. मुलांना घेऊन ही बहिणीकडे निघाली, मला न सांगता. चादरी घेऊन निघाली म्हणजे दोन दिवसांसाठी तर नक्कीच नाही. भांडण झालं नव्हतं, पण आमच्यात भांडण व्हायला मी घरी असतो कधी? दुसऱ्या दिवशी मी एका घराचं रीडिंग भलत्याच घराच्या रकान्यात टाकलं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सांगायला हरकत नाही, मी घाबरलो होतो.

शनिवारी तिघं भाजी आणायला गेली आणि मी उशी उचलली.

कागद माझाच निघाला. हातात मशीन यायच्या आधी आम्ही छापील तक्त्यांवर नोंदी करायचो, त्यातले उरलेले कोरे तक्ते मी मुलीला चित्रं काढायला दिले होते. तिने चित्रं काढली नव्हती. रकाने नीट भरले होते. सोमवार: गच्चीवर चादरींचा तंबू, आत टॉर्च लावून गोष्टी. मंगळवार: वाचनालय, येताना बाग. बुधवार: मावशी येणार, पत्ते. गुरुवार: नदीवर चपटे दगड फेकायची शर्यत. शुक्रवार: काहीच करायचं नाही.

शुक्रवार वाचून मला हसू आलं. कुणी कुठे पळून जात नव्हतं. मी पलंगावर बसलो, मोकळा श्वास घेतला आणि मग शेवटचा रकाना बघितला. वर लिहिलं होतं, 'बाबा'. खाली पाचही ओळींत एकच शेरा होता: 'भेट झाली नाही. मागच्या तीन नोंदींची सरासरी धरली. शून्य.'

घराला कुलूप असलं, की आम्ही असंच करतो. मीटर बघायला मिळत नाही, मग मागच्या तीन नोंदींवरून आकडा धरायचा. हे तिला मीच शिकवलं होतं, मोठ्या कौतुकाने.

मी चूक शोधायला लागलो. तीन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत आमच्यातला एक रीडर आजारी होता म्हणून मी त्याच्या भागातली घरंही घेतली होती. त्याच्या पुढच्या सुट्टीत मी नदीवर निघालो होतो, अगदी निघालो होतो, पण वाटेत एका दुकानात दिवे लखलखताना दिसले आणि दारातलं मीटर मात्र ढिम्म, म्हणजे वीजचोरी. मी तिथेच उतरलो. मुलांना म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, आलोच. गेल्या वर्षी मी झोपलो होतो. सरासरी बरोबर होती.

तिघं परत आली तेव्हा कागद माझ्या हातातच होता.

"उचललीत ना उशी?" बायको म्हणाली. चिडून नाही, भाजीची पिशवी खाली ठेवत.

मी आवाज चढवला. माझ्याच घरात माझ्यापासून लपवाछपवी कशाला, नुसतं विचारलं असतं तर मी काय नाही म्हणणार होतो?

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही नाही कधीच म्हणत नाही. हो म्हणता. मग ही दोघं त्या 'हो'वर आठवडा काढतात, आणि शेवटच्या दिवशी समजूत मी घालते. या वेळी म्हटलं, विचारायलाच नको."

मी खिशातलं पेन काढलं आणि सोमवारचं शून्य खोडायला गेलो. थोरलीने माझं मनगट धरलं.

"असं नाही चालत, बाबा. दार उघडून, मीटर डोळ्यांनी बघितल्याशिवाय सरासरी खोडायची नाही. तुम्हीच सांगितलंय."

"अगं, मी येणार आहे."

"सोमवारी बघू," ती म्हणाली, आणि कागद घडी करून घेऊन गेली. तिची ती नजर माझ्या चांगलीच ओळखीची होती. दिवसातून दोनशे दारांत मी तीच घेऊन उभा असतो.

मी पाच दिवसांची रजा टाकली. साहेबांनी अर्ज उलटसुलट करून बघितला आणि दुसरीकडे काम लागलंय का, असं विचारलं. मुलांना सुट्टी आहे, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

सोमवारी दुपारपासून मी गच्चीवर होतो. चादरी, दोरी, चिमटे, सगळा मुद्देमाल तिथेच सापडला. तंबूचं एक टोक बांधायला काही नव्हतं, म्हणून त्या टोकाची दोरी मी हातात धरली. धाकट्याने येऊन माझ्या दंडाला बोट लावून बघितलं आणि आत पळाला. थोरली मागून आली. तिने टॉर्च थेट माझ्या तोंडावर मारला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मी डोळे मिचकावले, पण हाललो नाही. मग तिने कागद गुडघ्यावर ठेवून सोमवारच्या ओळीतलं शून्य एका रेघेने खोडलं, शेजारी 'एक' लिहिलं आणि खाली सही केली.

बाकीची चार शून्यं तिने तशीच ठेवली. वारा सुटला, चादर फडफडायला लागली, आणि मी दोरी दोन्ही हातांनी धरली.