बेंबळीचं आरमार

रविवारी सकाळी बेंबळीच्या उमादेवी बाई मोबाइलसमोर बसतात आणि आरमाराबद्दल कुणी काहीही विचारलं तरी उत्तर देतात. शिडाचं कापड कुठून यायचं, खलाशांना पोहता यायचं का, तोफ उडाल्यावर गलबत कलंडत कसं नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाल्यावर हा कार्यक्रम सुरू केला. येरमाळ्याला स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं आम्ही बाईंचे भक्त जमतो. भक्त म्हटलेलं बाईंना चालत नाही, मला चालतं.

गेल्या रविवारी किनाऱ्याकडच्या कुणा शहाण्यानं कार्यक्रमाखाली लिहिलं, ‘जिथं आंघोळीला पाणी नाही, तिथल्या बाईनं आरमार शिकवायचं? आधी समुद्र बघून या.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची ही रांग! मी असलं उत्तर लिहिलं की प्रवाशांची वडाप जीप चालवणाऱ्या प्रसेनजितनं माझ्या हातातला फोनच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बाईंचा निरोप आला. ‘येत्या रविवारी शेवटचा कार्यक्रम. मी समुद्र पाहिलेला नाही, हे खरंच आहे.’

माझं डोकं फिरलं. असल्या फुकट्यांच्या हसण्यानं आमच्या बाई गप्प बसणार? रविवारी उजाडताच प्रसेनजितनं जीप धुतली, झेंडूचा हार घातला, चाकापुढं नारळ वाढवला आणि आम्ही बेंबळीत बाईंच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्यांना आधी विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

“चला बाई, रत्नागिरीला,” मी म्हणाले. “संध्याकाळपर्यंत पोचू, आजचा कार्यक्रम समुद्रावरनं करू. बघू कोण हसतंय ते.”

बाईंचा चेहरा पडला. “म्हंजे आजवर दिलेली उत्तरं बिनकामाची व्हती म्हण की.”

“तसं न्हाय बाई.”

“मग ही जीप कशाला आणली गं? तो म्हणतो बघून या, आन् तुमी मला न्यायला आलाव. तुमी त्याच्या बाजूचे का माझ्या?”

मला तोंड वर करवेना. जे त्या टवाळानं केलं तेच आम्ही हार घालून केलं होतं. पण बाईंचा आवाज आता चढला होता, आणि निरोपात हरलेल्या वाटलेल्या बाई चिडलेल्या बघून मला बरंच वाटलं.

प्रसेनजित डोकं खाजवत म्हणाला, “चुकलंच, बाई. पर नारळ वाढवलाय. आता गाडी रिकामी वळवायची न्हाय.”

“कोण वळवा म्हणतंय?” बाईंनी चपला घातल्या. “पाण्याकडंच न्या. वेशीपाशी टँकर आलाय.”

टँकरभोवती घागरींची रांग लागली होती. बाई मुद्दाम त्या रांगेकडं पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे सगळी रांग फोनमध्ये दिसावी. प्रसेनजितनं फोन धरला आणि मी पहिला प्रश्न वाचला: गलबतावर प्यायचं पाणी कसं पुरवायचे?

“लाकडी पिंपात भरून न्यायचे,” बाई सांगू लागल्या. “उन्हानं त्याला वास सुटायचा, शेवाळ धरायचं. मग फडक्यातनं गाळून प्यायचं. पिंपापाशी पहारा, आणि प्रत्येकाला मोजून घोट. हे मी पुस्तकात वाचलंय. पण ते समजायला मला कुणाची मदत लागली नाही. मी बेंबळीची आहे.”

रांगेतली जाईबाई घागर काखेत धरून पुढं सरकली. “बाई, मोठ्या सायबाला आन् खलाशाला पाणी सारखंच मिळायचं का वो?”

बाईंनी तिला हाताला धरून फोनसमोर उभं केलं.

“नाव सांगा, गाव सांगा.”

“जाईबाई. बेंबळी.”

“प्रश्न मोठा आहे, जाईबाई,” बाई म्हणाल्या, आणि सरळ फोनकडं बघितलं. “एका दमात सांगून व्हायचा नाही. उत्तर पुढच्या रविवारी देते.”