न सापडलेला इटालियन सिनेमा

मेणाच्या दाढेवर कोरणी फिरवता फिरवता तिचा हात थांबला. बाहेरच्या खोलीत, संगणकातून, रविवारच्या बैठकीतला दाढीवाला पुन्हा तेच विचारत होता.

"प्रोफेसर, तो स्टेशनवाला सिनेमा काही सापडत नाही. माझ्या माहितीतले सगळे संग्रह पालथे घातले. नक्की इटालियनच ना?"

तिने दारातून डोकावून पाहिलं. नवरा पडद्यासमोर नेहमीसारखा ताठ बसला होता, चेहऱ्यावर हसू होतं. टेबलाखाली मात्र त्याचा डावा हात पेनाचं टोपण काढत होता, घालत होता, पुन्हा काढत होता. सापडेल, चांगला सिनेमा जरा वाट बघायला लावतोच, असं काहीतरी तो म्हणाला आणि पडद्यावरच्या चौकोनांतली मंडळी हसली. तिला हसू आलं नाही.

तसा तो कसलाच प्रोफेसर नव्हता. सगळी नोकरी त्याने इटालियन सिनेमांच्या तळाशी येणाऱ्या भाषांतराच्या ओळी लिहिण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर रिकामपण खायला उठलं, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने हा रविवारचा उद्योग सुरू झाला. कुठकुठल्या देशांतले हौशी लोक जमायचे आणि हा त्यांना काय बघावं ते सांगायचा. दोन भाऊ वडिलांचं दुकान मधोमध भिंत घालून वाटून घेतात तो सिनेमा एकट्याने बघा, भावाबरोबर अजिबात नको. बंदरावरच्या विमा एजंटची मालिका पहिले दोन भाग रटाळ आहे, दम धरा, तिसऱ्यात तुमची झोप उडेल. लोक त्याचा शब्द खाली पडू देत नसत. ती मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायची आणि भिंतीपलीकडून ऐकून ऐकून अर्धी इटालियन झाली होती.

बैठक संपली तसा त्याने कपाट उघडलं. थोड्या वेळाने ती चहा मागायला आली, कारण संध्याकाळचा चहा या घरात तोच करायचा, तर तो फरशीवर फतकल मारून बसलेला आणि भोवती सिनेमांच्या सगळ्या तबकड्या पसरलेल्या.

"अहो, उठा. कंबर धरेल."

"यात नाही तो," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "आईचं असंच सुरू झालं होतं."

हे तो कधीतरी बोलणार, हे तिला गेल्या रविवारपासून ठाऊक होतं. सासूबाईंना आधी एक लग्न आठवायला लागलं होतं. मांडव, नवरीचे दागिने, रुसलेले व्याही, सगळं तपशीलवार. घरात सगळ्यांना विचारून झालं, तसं लग्न कुणाचं झालंच नव्हतं. शेवटी शेवटी तर पोटच्या मुलाला त्या अहो-जाहो करायच्या, आपण कुणाकडे आलात म्हणून विचारायच्या. त्यांचं सगळं हिनेच केलं होतं. रस्ता कसा जातो आणि कुठे संपतो, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"पुढच्या रविवारी सांगून टाकतो," तो म्हणाला. "बंद."

"काय बंद?"

"सगळंच. जे सिनेमे नाहीतच ते लोकांना बघायला सांगणारा माणूस काय कामाचा?"

तो हे शांतपणे म्हणाला, म्हणून ती जास्त घाबरली. रविवार गेला की या माणसाचे बाकीचे दिवस कोसळायला वेळ लागणार नव्हता. ती त्याच्यासमोर खालीच बसली, गुडघे कुरकुरले तरी. त्याने तो सिनेमा पहिल्यांदा सांगितला तेव्हा ती दवाखान्यात कवळी पोचवायला गेली होती. मला सांगा, ती म्हणाली, इतकी वर्षं ऐकतेय, एखादे वेळी मलाच आठवेल.

त्याने डोळे मिटले. सिनेमा सांगताना तो नेहमी असाच डोळे मिटायचा.

कृष्णधवल आहे, तो म्हणाला. उत्तरेकडचं एखादं गाव असणार, कारण धुकं फार आहे. स्टेशनवरचं उपाहारगृह. एक तरुण बाई कोट न काढता बसलीय. पायाशी हिरवी बॅग. चहा तसाच. ती पर्समधून घराची किल्ली काढते आणि बशीखाली सरकवते, जणू तिथे ठेवूनच जाणार आहे. गाडी येते. लोक चढतात, उतरतात. ती बसून राहते. गाडी जाते. मग ती किल्ली उचलते, रुमालाने पुसते आणि बॅग घेऊन निघते.

"एवढंच आठवतं," तो म्हणाला. "आणि एकही वाक्य नाही. वाक्य असतं तर मी विसरलो नसतो गं. माझ्या ओळी मला पाठ असतात." मग त्याचे डोळे उघडले. "कृष्णधवल म्हणालो ना मी? मग बॅग हिरवी कशी दिसली मला? बघ. बघ, हे असं होतंय."

त्या बशीची कड टवकलेली होती, हे तोंडून निसटू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले. लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. दुसऱ्या शहरात दातांच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं होतं, राहायला खोलीसुद्धा. घरी ती कुणालाच बोलली नव्हती, कारण घरी बोलायला कुणी नव्हतंच. नवरा होता, पण तो मनाने इटलीत असायचा. त्या दुपारबद्दल तिने आजवर कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. आयुष्यभर ती एकाच गोष्टीवर निर्धास्त झोपली होती, की त्याला काही कळलेलं नाही.

"कॅमेरा कुठे होता?" तिने विचारलं.

"बाहेर. काचेच्या बाहेर, खांबाआड. आत जातच नाही. ती मान वळवते तेव्हा चटकन मागे सरकतो." तो कौतुकाने म्हणाला, "फार धाडसी काम आहे ते."

म्हणजे तो तिथे होता. कामावरून लवकर सुटला असेल, आधीच्या गाडीतून उतरला असेल. आणि जे पाहिलं ते सोसवेना, म्हणून त्याने ते दूर ढकललं असेल, इतकं दूर की शेवटी ते परदेशात जाऊन पडलं. तिला रडू आलं नाही. तिला फक्त भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी, पकडलं गेल्याची.

खोटं तयारच होतं. जुनी मालिका असेल हो, टीव्हीवरची, एकदाच दाखवलेली, आता कुठे मिळायची. तिने ते अर्धं बोलूनही टाकलं, आणि त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"तू पाहिलीस?" त्याने विचारलं. "खरंच पाहिलीस? मग मी मनाचं नाही रचलेलं?"

हो म्हटलं असतं तर दोघंही सुटले असते. पण दाढीवाला शोधायचं थांबला नसता. आणि हा माणूस रात्रंदिवस स्वतःला तपासत बसला असता, सासूबाई आरशात स्वतःला तपासायच्या तसा. त्याचा हात पुन्हा खिशातल्या पेनाच्या टोपणाकडे गेला होता. तिने तो धरला.

"बॅग हिरवीच होती," ती म्हणाली. "मावशीकडून मागून आणली होती मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आली ती सुटका. खरंच, आधी तीच आली.

"म्हणजे मी विसरत नाहीये," तो म्हणाला.

"नाही."

मग हळूहळू बाकीचं त्याच्यापर्यंत पोचलं. त्याने हात सोडवून घेतला नाही. एक तबकडी उचलली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली, पुन्हा जागेवर ठेवली.

"मी आडवाटेने तुझ्याआधी घरी आलो होतो," तो म्हणाला. "काय करावं सुचेना, म्हणून चहा टाकला."

तो चहा तिला आठवला. त्याआधी त्याने कधी गॅस पेटवला नव्हता. फार गोड झाला होता, आणि ती पायरी चढून आली तेव्हा त्याने नुसतं विचारलं होतं, दमलीस?

"आणि मग रोज आधी तिथे बघायचो. उपाहारगृहात. तू नाहीस याची खात्री झाली की घरी." तो किंचित हसला. "निवृत्त होईपर्यंत. पुढे पुढे कशासाठी ते विसरलो, पाय तेवढे वळत राहिले."

गाडी वेळेवर आणि नवरा उशिरा, यावरून तिने त्याचं डोकं किती खाल्लं होतं. स्टेशनाबाहेर सिनेमाची पोस्टरं बघत उभे राहता, असं ती चारचौघांतही म्हणायची. त्याने एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"का चढली नाही ती?" त्याने विचारलं. डोळे उघडे होते.

तिने समोरच्या दोन तबकड्या एकावर एक ठेवल्या.

"भीती वाटली," ती म्हणाली. "वाटलं, मी गेले हे तुमच्या लक्षातच येणार नाही."

बाहेर अंधारून आलं होतं. चहाची वेळ टळून गेली होती, आणि कुणीही उठलं नाही.